सहाच्या पुढं वाजणारा फोन

पडदेवालीच्या घरात फोन वाजला की तो कुणी उचलत नसे. आधी मोजायचं. हातातला घास हातात, तोंडातलं वाक्य तोंडात, आणि बोटं मांडीवर. एक, दोन, आणि गप्प. मग ती उठायची, कपड्यांना चिकटलेले दोरे झटकायची, एक नंबर फिरवायची, पलीकडे दोनदा वाजू द्यायची आणि ठेवून द्यायची. तोंडातून एक शब्द नाही. नवख्या पाहुण्याला वाटावं, या घराला कसली तरी बाधा झालीय.

बाधा वगैरे काही नव्हती. तिचे वडील उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते, एवढंच. केबिनमधला माणूस पुढच्या केबिनशी गप्पा मारत नाही, घंटा देतो. इकडे बटण दाबलं की तिकडे टण् वाजते. एक घंटा म्हणजे 'लक्ष द्या'. त्यानंतर गाडी कसली, येऊ द्यायची की नाही, त्याच्या वेगवेगळ्या घंटा. आणि ज्यानं ऐकल्या त्यानं मोजून तेवढ्याच परत द्यायच्या. परत आल्या नाहीत तर गाडी जागची हलत नाही. सहा घंटा म्हणजे धोका, आहे तिथं सगळं थांबवा.

आई गेली तेव्हा अण्णा एकटे राहिले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या यार्डाला लागून, दोन खोल्यांत. तिथून हलायचं नाव नाही. तेव्हा पडदेवालीच म्हणाली होती, "अण्णा, रोज एक फोन तरी करत जा. जिवाला घोर लागतो." आपल्याच हातानं आपल्या पायात खोडा घालायचा असतो तो असा.

"फोनवर बोलून काय कळतं?" अण्णा म्हणाले. "माणूस मरायला टेकला तरी 'बरं आहे' म्हणतो. घंटा खोटं बोलत नाही. घंटा देत जाईन."

झालं. एक म्हणजे उठलो, तू जागेवर आहेस ना? दोन म्हणजे जेवलो. तीन म्हणजे ये, काम आहे. चार म्हणजे दिवा मालवतोय. पाच ठेवलेच नाहीत. "पाचात आणि सहात माणूस चुकतो," अण्णा म्हणाले, "आणि इथं चुकून चालत नाही." सहा म्हणजे अर्थातच धोका. सहा आजवर एकदाही वाजल्या नव्हत्या. तिचं सगळं आयुष्य मात्र त्या न वाजलेल्या सहांसाठी फोनपाशी बसून होतं.

कारण अण्णांची वेळ ठरलेली नसायची. भूक लागली की जेवायचे, कधी बाराला तर कधी उन्हं उतरल्यावर. दोन वाजल्या आणि तिनं परत दिल्या नाहीत तर ते पुन्हा द्यायचे. तरी उत्तर नाही तर तिसऱ्यांदा. आणि मग कोट घालून, हातात जुना हातदिवा घेऊन, दोन बस बदलून लेकीच्या दारात. एकदा ती न्हात होती. बाहेर येते तो अण्णा उंबऱ्याबाहेर उभे, धाप लागलेली. तिचे ओले केस पाहून म्हणाले, "ठीक." आणि वळून चालायला लागले. पाणीसुद्धा घेतलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या 'ठीक'नं तिला असं बांधलं की तेव्हापासून ती दूध आणायला जायची तीही पळत.

आता पडद्यांचा धंदा असा की शिवण आपल्या घरात, पण काम दुसऱ्याच्या खिडकीत. माप घ्यायला जावंच लागतं. तिनं नवऱ्याला पाठवून पाहिलं. तो शाळेची बस चालवायचा, दुपारी मोकळा असायचा, माणूस कामसू. पण त्यानं डॉक्टरीणबाईंकडे खिडकीच्या चौकटीऐवजी नुसत्या काचेचं माप घेतलं. बाईंनी पडदे परत पाठवले तेव्हा वर निरोपही पाठवला, की माझ्या खिडकीला धाकट्या बहिणीचा झगा घातल्यासारखं दिसतंय. असं एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. राहिली ती घरबसल्या करायची कामं: उशांचे अभ्रे, कुणाच्या पडद्याची खालची दुमड सोडवायची, कुणाची घालायची. तेही कान टवकारून. मशीनच्या आवाजात घंटा बुडेल म्हणून एका शिवणीत चारदा पाय उचलायची. जिथं पाय उचलला तिथं टाका हुकायचा. तिच्या हातची शिवण ओळखायची असेल तर ती हुकलेल्या टाक्यांवरून ओळखावी, अशी वेळ आली.

आणि अशात नाट्यगृहाचा मॅनेजर दारात आला.

"बाई, आमचा दर्शनी पडदा गेला," तो म्हणाला. "आधी कसर लागली, मग गेल्या महिन्यात नायिका मरायच्या प्रवेशात वरून हातभर तुकडा तिच्या अंगावर पडला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मखमलीचा नवा करायचाय. तुमचं नाव तीन ठिकाणी ऐकलं."

"करते," ती म्हणाली.

"पण तिथं यावं लागेल. एवढा पडदा तुमच्या घरात मावायचा नाही. रंगमंचावरच कापायचा, तिथंच जोडायचा. महिना तरी जाईल."

"येते," ती म्हणाली.

मॅनेजर गेला आणि मग तिला घाम फुटला. तोंडानं होकार देऊन टाकला होता. डोकं मागून धावत आलं. सगळा जन्म खिडक्या झाकण्यात गेला होता. लोकांनी तिकीट काढून ज्याच्याकडे बघत बसावं असा पडदा एकदा आपल्या हातून व्हावा, ही हाव तिच्या मनात कधीची होती, आणि ती कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. आता काम दारात चालत आलं होतं, आणि हे गेलं तर पुन्हा येणार नव्हतं.

जेवताना नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला. "आणि घंटा?"

"उत्तर देणारं यंत्र मिळतं म्हणे. बिनतारी फोनालाच जोडून येतं. आपण नसलो की ते उचलतं, समोरच्याचं ऐकून ठेवतं."

"सासरेबुवा यंत्राशी बोलतील?"

"माणसाशी तरी कुठं बोलतात?"

"तेही खरं." तो हसला. "लग्नात मला दारात उभं केलं होतं अर्धा तास. मी म्हटलं, सिग्नल पडला नसेल अजून."

"हसू नका. रोज सगळा दिवस तुम्हाला बसता यायचं नाही, पण उद्या दुपारी तेवढं घरी थांबा. मोजा. परत द्या. मी दुकानात जाऊन येते."

खिशात ठेवायचे फोन तेव्हा बड्या लोकांकडेच होते. दुकानात एका लांब फळीवर बिनतारी फोन मांडलेले होते, आणि टाय लावलेला विक्रेता त्यांतला सगळ्यात चकचकीत उचलून सांगू लागला. यात पन्नास नावं साठवता येतात. यात वेगवेगळ्या बावीस सुरांची घंटा आहे.

"सूर नकोत. मोजता आली पाहिजे."

"काय, मॅडम?"

"घंटा. एक वाजली, थांबली, दुसरी वाजली, असं स्वच्छ मोजता आलं पाहिजे. आणि मशीन चालू असताना ऐकू आली पाहिजे. तो मिक्सर चालू करा."

"मिक्सर विकत घ्यायचाय?"

"नाही. आवाजाला."

विक्रेत्यानं इकडेतिकडे पाहिलं, मालक नाही असं बघून मिक्सर लावला, आणि दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून एकेक हॅन्डसेट वाजवून दाखवला. ती डोळे मिटून उभी. चकचकीतवाला चिमणीसारखा चिवचिवला आणि बुडाला. दुसरा ऐकू आला, पण त्याची घंटा लांबलचक. एक कुठं संपली आणि दुसरी कुठं लागली, पत्ता नाही. तिसरा, कोपऱ्यातला, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा करडा, तो मात्र टर्रर टर्रर करून मिक्सरच्या उरावर बसला.

"हा. आता सांगा, हा किती घंटांनी उचलतो?"

"चार रिंगांनी, मॅडम. सगळेच चारनं उचलतात."

"मला सहाच्या पुढं पाहिजे."

"सहाच्या?" विक्रेता हसला. "अहो, एवढ्या रिंगा कोण थांबतं? लोक ठेवून देतात."

"माझा माणूस ठेवत नाही."

"दुसऱ्या कंपनीच्यात पाच करता येतात..."

"पाच आम्ही वापरत नाही."

विक्रेत्यानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मुकाट्यानं माहितीपुस्तिका उघडली आणि बोट फिरवत गेला. साबणाच्या वडीत आठपर्यंत सोय निघाली. तिनं ती त्याच्याकडून तिथल्या तिथं आठवर लावून घेतली, पुन्हा वाजवायला लावली, मोजली. सहा पुऱ्या वाजेपर्यंत यंत्रानं मधे तोंड घालायचं नाही. सहा वाजताना ती घरात असेल तर तिला त्या कळल्या पाहिजेत.

"आणि बाहेर असले तर?"

"कुठूनही घरचा नंबर लावा, यंत्र बोलायला लागलं की हे दोन आकडे दाबा. जे संदेश आले असतील ते ऐकवेल."

"नाट्यगृहातूनसुद्धा?"

"चंद्रावरूनसुद्धा, मॅडम. फक्त फोन पाहिजे."

पहिले चार दिवस स्वर्ग. हॅन्डसेट खिशात टाकून ती गच्चीवर गेली आणि कैक वर्षांनी उन्हात कापड अंथरून कापलं. पाचव्या दिवशी न्हायला गेली आणि हॅन्डसेट साबणाच्या ताटलीशेजारी ठेवला, तेव्हा लक्षात आलं. आधी निदान न्हाणीघरात 'ऐकू आलं नाही' म्हणायची सोय होती. आधीचं दावं बैठकीच्या खुंटीला बांधलेलं होतं; आता खुंटीच कमरेला खोचून हिंडायचं. पण तिनं तो विचार डोक्यात फार फिरू दिला नाही. नाट्यगृहाचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं आणि खरं घोडं अण्णांपाशी अडलेलं होतं.

ती गेली तेव्हा अण्णा खिडकीतून यार्डातल्या मालगाडीच्या वाघिणी बघत होते. तिनं सगळं सांगितलं. मी घरी नसेन, फोन वाजू द्या, आठ झाल्या की यंत्र उचलेल.

"म्हणजे केबिनमध्ये माणूस नाही," अण्णा म्हणाले, "आणि घंटा यंत्र घेणार."

"हो."

"परत कोण देणार?"

"मी तिकडून फोन लावून ऐकेन ना. दुपारी, संध्याकाळी..."

"परत कोण देणार, ते विचारतोय मी."

"अण्णा, महिन्याचा प्रश्न आहे. मला ते काम करायचंय."

'मला करायचंय' असं ती त्यांच्यापुढं याआधी कधी बोलली होती, तिलाही आठवेना. अण्णा खिडकीकडून फोनकडे वळले.

"बोलावं लागेल?"

"नका बोलू. पेन्सिलीनं रिसीव्हरवर ठोका. नेहमीसारखं. जेवलात की दोन."

"बघू," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे गाडीला हिरवा कंदीलच. ती उड्या मारत घरी आली आणि यंत्रात आपला आवाज भरायला बसली. "मी घरी नाही. सूचक आवाजानंतर आपला संदेश ठेवा."

"पुन्हा म्हण," नवरा म्हणाला. "'मी घरी नाही' हे तू पहिल्यांदा म्हणतेयस. जरा आनंदानं म्हण की."

सोमवारी ती रंगमंचावर उभी राहिली. वर बघितलं तर मान दुखेपर्यंत उंची. जमीन प्रेक्षकांकडे जरा उतरती, म्हणून माप डावीकडे, मधे आणि उजवीकडे वेगळं येणार. तिनं तिन्ही घेतली, पुन्हा घेतली. मखमलीचे गठ्ठे उघडले, तळहात फिरवून लव कुठल्या बाजूला झुकते ते पाहिलं, आणि प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या कडेला खडूनं बाण काढला. एक पट्टा जरी उलटा लागला तरी दिव्यात तो दुसऱ्याच रंगाचा दिसतो. कितीतरी दिवसांनी तिनं एक शिवण पाय न उचलता पुरी केली. टाके कसे, मोत्यांच्या सरीसारखे.

दुपारी मॅनेजरच्या खोलीतून घरी फोन लावला. स्वतःचाच आनंदी आवाज ऐकला, दोन आकडे दाबले. एक संदेश. आधी शांतता, श्वास, मग: टक्. एक.

उठलेत. यंत्राला सरावले. तिला इतकं हलकं वाटलं की मॅनेजरच्या टेबलावरची लिमलेटची गोळी न विचारता तोंडात टाकली.

पण दोन काही आल्या नाहीत. तासाभरानं लावला, नाहीत. पुन्हा लावला, नाहीत. अण्णांना सरळ फोन करावा, तर तो ते उचलणार नाहीत, मोजत बसतील. आणि वाजत राहिला तर सहा झाल्यावर धोका समजून कोट घालून निघतील, घरी तर कुलूप. शेवटी तिनं यापूर्वी कधीच केलं नव्हतं ते केलं. आपणहून एक घंटा दिली आणि ठेवून दिला. थोड्या वेळानं घरचं यंत्र ऐकलं. नवा संदेश: टक्. एक.

आहेत. जिवंत आहेत. मग जेवत का नाहीत?

"घरी कुणी आजारी आहे का, बाई?" मॅनेजरनं विचारलं. त्याच्या खोलीत ती आता पायपुसण्याइतकी ओळखीची झाली होती.

"नाही."

"मग?"

"घंटा यायचीय."

मॅनेजर नाटकवाल्यांत वाढलेला. त्यानं पुढं विचारलं नाही.

तिनं आणखी एकदा एक दिली. परत एक आली. आणखी एकदा. परत एक. उन्हं कलली तरी दोनांचा पत्ता नाही, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हट्ट! म्हातारा हट्टानं उपाशी बसलाय. मी माझं काम करते म्हणून अन्नावर राग. जिवंत असल्याचं इमानेइतबारे कळवतोय, म्हणजे मी घाबरून येऊ नये. आणि जेवत नाही, म्हणजे मी सुखानं राहू नये. तिनं कात्री टाकली ती एवढ्या जोरात की झाडूवाला दचकला.

दोन बस बदलून ती गेली ती भांडण पाठ करतच. कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, सगळं ठरलेलं. दार ढकललं.

खोलीत दिवा लावलेला नव्हता. अण्णा फोनसमोर स्टुलावर बसले होते, ताठ, हातात पेन्सिल. स्वयंपाकाच्या ओट्यावर झाकलेलं पातेलं जसंच्या तसं.

"आलीस?" ते म्हणाले. "मग आता तोंडानं सांग. काय द्यायचं होतं?"

ती पाठ केलेलं सगळं विसरली. "कुणाला काय द्यायचं होतं?"

"सकाळी तू लक्ष मागितलंस. आधी काहीतरी बोललीस, मग एक दिलीस. मी परत दिली. पुढं काहीच नाही. बसून राहिलो. दुपारी पुन्हा एक. परत दिली, तर तिकडून आणखी एक. दिवसभर हेच. अगं, लक्ष मागायचं आणि पुढची घंटा द्यायची नाही? असा माणूस मी केबिनमध्ये तासभर ठेवला नसता."

सूचक आवाज. टुं. यंत्राची ती एक टुं.

चार वर्षांत घंटा नेहमी अण्णांकडून यायची, ती फक्त परत द्यायची. तिच्या बाजूनं पहिली घंटा आजवर गेलीच नव्हती. सकाळी गेली, आणि अण्णांनी ती ऐकली तशीच ऐकली जशी जन्मभर ऐकत आले: लक्ष द्या, गाडीची घंटा येतेय, जागेवरून हलू नका. आणि वर तिनं काळजीपोटी स्वतःच्या हातानं आणखी तीनदा त्यांना स्टुलावर बसवलं होतं.

"अण्णा, ती मी नाही दिली. यंत्र देतं. कुणीही फोन केला तरी देतं."

"सगळ्यांचं लक्ष मागतं?"

"हो."

"आणि पुढं काही सांगत नाही?"

"नाही."

"मूर्ख आहे," अण्णा म्हणाले.

"पण जेवायचं तरी ना!"

"कसा जेवणार? फोन इथं, चूल तिथं."

"आणि लघवीला?"

"दार उघडं ठेवून गेलो. पळत."

तिला हसू फुटलं. फुटलं ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते आता हसू राहिलेलं नाही.

"मी पण तशीच जाते, अण्णा," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून. पळत. तुमचा एक दिवस झाला, माझी चार वर्षं झाली."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? उत्तर नाही आलं की तुम्ही कंदील घेऊन दारात."

"मी आहे एवढंच कळवत होतो."

"आणि मी आहे, हे मला उठल्यापासून झोपेपर्यंत परत द्यायचं."

"ड्युटी असते ती, पोरी. बसावं लागतं."

"तुमची ड्युटी किती तासांची असायची?"

"आठ." अण्णांनी ते अभिमानानं सांगितलं.

"मग?"

"मग बदलीचा माणूस यायचा."

"नाही आला तर?"

"यायचाच. पुरात आलेला आहे. स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी आलेला आहे."

"माझा कुठाय?"

अण्णा उठले, दिवसभर बसून गुडघे धरले होते, भिंतीचा आधार घेत ओट्यापाशी गेले आणि पातेल्यातलं गार जेवण उभ्याउभ्याच जेवू लागले. तिनं गरम करून देते म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले. ती स्टुलावर बसली. खाली यार्डात कुठलीशी वाघीण दुसरीला आदळली.

"बदली नसेल," हात धुऊन ते शेवटी म्हणाले, "तर केबिन बंद करतात. लहान केबिनींची रीत आहे. दिवसा बंद, रात्री चालू. बंद असताना मधल्याला कुणी विचारत नाही. अलीकडचा थेट पलीकडच्याशी बोलतो."

"इथं अलीकडचा कोण?"

"मी."

"आणि पलीकडचा?"

"पलीकडे कुणी नाही," ते म्हणाले, वेळापत्रक वाचून दाखवावं तसं.

तिच्या जिभेच्या टोकावर शब्द आले: राहू द्या अण्णा, मी काम सोडते. इतके तयार शब्द, की नुसतं तोंड उघडायचं होतं. आणि तिला हेही ठाऊक होतं, की एकदा ते बाहेर पडले की अण्णा 'ठीक' म्हणतील आणि जगाच्या अंतापर्यंत ते शब्द कुणी परत घेऊ देणार नाही. तिनं जीभ दाताखाली धरली. चांगली दुखेपर्यंत धरली.

"सकाळी एक देईन," अण्णा म्हणाले. "रात्री चार. त्या परत दे. मधे तुझी केबिन बंद."

"आणि सहा?"

"बंद केबिनला सहा देत नाहीत."

"अण्णा..."

"नियम आहे. जा आता, उशीर होईल."

मंगळवारी सकाळी एक आली, तिनं परत दिली आणि कामाला गेली. दुपारपर्यंत चार पट्टे जोडून झाले. हात चालत होते. मग डब्याची वेळ झाली, तिनं डबा उघडला, घास उचलला आणि हातातला घास हातातच राहिला. कुणी अडवलं नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. ती मॅनेजरच्या खोलीत गेली. घरचा नंबर लावला, आकडे दाबले. यंत्रानं कोरड्या आवाजात सांगितलं की एकही संदेश नाही. नसणारच होता.

मग तिनं अण्णांचा नंबर फिरवला. एक देऊन ठेवणार होती, ठेवला नाही. वाजू दिला. दोन, तीन, चार. तिचं बोट टेबलावर मोजत होतं. पाच. सहा. सात. पलीकडे खळ्ळ आवाज झाला. अण्णांनी फोन उचलला होता, जन्मात पहिल्यांदा.

"केबिन बंद आहे," ते ओरडले, आणि ठेवून दिला.

ती रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली. आवाज खणखणीत होता. चिडलेला होता. म्हणजे आजच्यापुरतं ठीक. पण उद्या ते उचलणार नाहीत, हे तिला कुठलाही नियम न वाचता कळलं. आणि उद्या दुपारीही हा फोन याच टेबलावर असणार होता.

"बाई," मॅनेजर दारातून म्हणाला, "सुतार आलाय. दांडी कुठं ठोकायची, दाखवता का?"

"आले," ती म्हणाली. रिसीव्हर जागेवर ठेवला, फोनकडे पाठ केली, आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.